भेसळीचं दुखणं

ज्या बाईचं दुखणं ठरल्या वेळी येतं, तिच्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. दुखणं पाहुण्यासारखं असावं. न कळवता यावं, नको तेव्हा यावं, आणि निघतो निघतो म्हणत दारात उभं राहून पुन्हा गप्पांना लागावं. पण आमच्या गल्लीतल्या कडक मावशीचं दुखणं रोज उन्हं कलली की यायचं, आणि ते यायच्या आधीच तिच्या दुकानापुढे बायाबापड्या कपड्यांची गाठोडी घेऊन उभ्या असायच्या. आता तुम्हीच सांगा, इथे कुठेतरी पाणी मुरतंय असं कुणाला वाटणार नाही?

कडक मावशी म्हणजे आमची इस्त्रीवाली. खोली एकच, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे दुकान, पलीकडे संसार. दुकानात एक लांब टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर आणि चादरीवर इस्त्रीच्या टोकाने उमटलेले तपकिरी त्रिकोण. इस्त्री विजेची, पण जुन्या घाटाची आणि इतकी जड, की चोरालाही ती पळवण्याआधी विचार करावा लागेल. मावशीला कडक म्हणायची कारणं दोन. एक म्हणजे तिने केलेली कॉलर दिवसभर मान वाकवू देत नसे. दुसरं म्हणजे तिची जीभ. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तो फार मऊ माणूस होता. घरात एकाने तरी मऊ असावं लागतं, नाहीतर भांडी टिकत नाहीत.

एकुलती एक मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी गेली होती. मावशी एकटी टेबलाशी उभी असायची, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. उभं राहून राहून तिचा डावा खुबा झिजला. खुबा म्हणजे मांडी जिथे कमरेला अडकवलेली असते तो सांधा. सकाळी ती बरी असायची. दुपार ओसरली की त्या सांध्यात कळ शिरायची, आणि मग इस्त्री पुढे ढकलताना तिच्या तोंडून "येशू रे" निघायचं. ते ऐकूनच या गोष्टीला सुरुवात झाली.

आमच्याकडे एक कंत्राटदारीणबाई आहेत. नवरा घरं बांधतो, बाई घरात बसून गल्लीतल्या लोकांची घरं मोडते. एकदा तिच्या मुलाला ताप भरला होता आणि तरी ती मुलाचे शर्ट घेऊन मावशीकडे आली होती, कारण ताप उतरल्यावर शाळा चुकायला नको. मावशीने शर्टावर इस्त्री टेकवली आणि नेमकी तेव्हाच कळ आली. तिने डोळे मिटले, टेबलाची कड धरली, आणि म्हणाली, "प्रभू, दुखतंयच तर हे या पोराच्या नावाने घे."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. ताप दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी उतरतोच, पण हे कंत्राटदारीणबाईंना कोण सांगणार? रविवारी प्रार्थना संपून लोक चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत ही बातमी सगळ्या पायऱ्या उतरून गल्लीभर झाली होती.

फादरनी आम्हाला लहानपणापासून शिकवलेलंच होतं, की ख्रिस्ती माणसाचं दुखणं वाया जात नाही, ते क्रूसावरच्या दुखण्याला जोडता येतं, दुसऱ्यासाठी अर्पण करता येतं. तोंडाने आम्ही सगळेच ते म्हणायचो. पण स्वतःची दाढ ठणकायला लागली, की सरळ डॉक्टर गाठायचो. मावशीने पहिल्यांदा ते करून दाखवलं. आणि लोकांनी काय करावं? तिच्याकडे रांग लावली.

"मावशी, ह्यांच्या नोकरीचं बघा ना."

"मावशी, सासूबाईंना डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलंय. या उशांच्या खोळी त्यांच्याच आहेत."

मावशी गाठोड्याला रंगीत दोरा बांधायची. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. ज्या घराचे कपडे हाताखाली असतील, त्या घराच्या नावाने त्या वेळचं दुखणं. तिचा नियम सरळ होता. आणि सरळ नियम दिसला की त्यातून वाकडी वाट काढायची, ही आमच्या गल्लीची खासियत. सकाळी कपडे द्यायला कुणी येईना. सकाळी दुखतच नाही, तर देऊन उपयोग काय! सगळ्यांना आपले कपडे उन्हं कलल्यावरच इस्त्री करून हवे होते. चर्चची घंटा वाजवणारा, मेणबत्त्या लावणारा, वेदीवरचं कापड बदलणारा आमचा घंटेकरी एक दिवस दुकानात हळूच म्हणाला, "मावशी, आमचं गाठोडं जरा खाली ठेवा, म्हणजे उशिरा हाताला लागेल."

कंत्राटदारीणबाईंनी तर कमाल केली. मुलाच्या परीक्षेच्या आठवड्यात त्यांनी दिवाणखान्याचे पडदे पाठवले. जाड, अस्तर लावलेले, खळ घालून फळीसारखे झालेले.

मी विचारलं, "बाई, परीक्षा मुलाची, आणि इस्त्री पडद्यांना?"

"शर्ट हलका असतो हो काका," त्या म्हणाल्या. "गणिताचा पेपर आहे."

मला वाटलं, आंधळा मागतो एक डोळा, ही बाई दुसऱ्याचा खुबा मागतेय. पण बोललो नाही. मीही माझे शर्ट दुपारीच द्यायचो. मला काही मागायचं नव्हतं. दुपारी तिथे गर्दी असते, आणि बातम्या गर्दीत मिळतात.

पोर गणितात नापास झालं. आणि इथून संशयाला पाय फुटले.

"खरंच दुखतं का हो तिला?" घंटेकऱ्याने मला चर्चच्या मागच्या ओट्यावर बसवून विचारलं.

"म्हणजे?"

"काल सकाळी वेदीचं कापड द्यायला आली होती. मी वर गायकांच्या गॅलरीत झाडत होतो. बाई कशी चालली होती माहितीय? तरातरा! काठी काखेत. एखाद्या नव्या नवरीनेसुद्धा माहेरी जाताना एवढी घाई करू नये."

"सकाळी बरी असते ती."

"सकाळी बरी, दुपारी गर्दी असते तेव्हा वाईट," घंटेकरी डोळा बारीक करून म्हणाला. "पलीकडच्या रस्त्यावर ते मशीनचं धुलाईघर निघालंय. इस्त्री तिथेही होते, आणि पटकन होते. मग लोक हिच्याकडेच का येतात? काका, धंदा आहे हा. दुखण्याचा धंदा."

घंटेकरी मुळात वाईट माणूस नाही. पण रोज घंटेची दोरी ओढणाऱ्या माणसाला वाटायला लागतं, की काहीही जोरात वाजवलं की ते खरं होतं. मी त्याला म्हटलं, पुरावा लागतो. आणि पुरावा, तुम्हाला खोटं वाटेल, दोन दिवसांनी माझ्याच खिशात आला.

मावशीकडून आलेला पांढरा शर्ट मी चढवला, आणि छातीवर काहीतरी टोचलं. खिशात हात घातला तर गोळ्यांची पट्टी. चंदेरी, रिकामी, सगळे फुगे फुटलेले. नाव वाचायला चष्मा लावावा लागला. अंगदुखीची गोळी. साधीसुधी नव्हे, डॉक्टर लिहून देतात ती जोरकस.

आता अशी वस्तू हाती लागल्यावर ती स्वतःपुरती ठेवणं ही माझ्या स्वभावाला न झेपणारी गोष्ट. मी घंटेकऱ्याला दाखवली. घंटेकऱ्याने कंत्राटदारीणबाईंना सांगितलं. नंतर कुणी कुणाला सांगितलं ते विचारू नका. वाऱ्याला पत्ता लागत नाही.

कंत्राटदारीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "गोळी घेते?" त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या पोराच्या पेपराला गोळी घातलेलं दुखणं वापरलं? भेसळीचं?"

"दूधवाला पाणी घालतो तसंच," घंटेकरी म्हणाला.

"दूधवाल्याला निदान लाज असते. हा तर देवाच्या कामातला घोटाळा. मी फादरना सांगणार."

आणि त्या खरंच गेल्या. घंटेकरी गेला, आणखी दोघीतिघी गेल्या, आणि साक्षीदार म्हणून पट्टीसह मीही गेलो. फादरांची खोली चर्चला लागून. टेबलावर अर्धवट शिवलेलं बटण होतं, कारण ते आपल्या झग्याची बटणं स्वतःच लावतात आणि फार वाईट लावतात. कंत्राटदारीणबाईंनी सगळं सांगितलं. पडदे, पेपर, पट्टी. बोलताना त्यांचा आवाज इतका चढला, की बाहेरच्या झाडावरची पाखरं उठून गेली.

फादर ऐकत होते. सुई हातातच होती. सगळं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे तिला आणखी दुखायला हवं होतं?"

कंत्राटदारीणबाई पदर सावरू लागल्या.

"नाही, मला नीट समजू दे. गोळी घेतली, म्हणून दुखणं कमी झालं, म्हणून तुमची तक्रार आहे. बरोबर?"

"फादर, आमचं म्हणणं तसं नाही," कंत्राटदारीणबाई म्हणाल्या. "पण अर्पण म्हणजे पूर्ण अर्पण. येशूने क्रूसावर गोळी घेतली होती का?"

मला वाटलं, आता फादर अडकले. बाई भांडणात कच्ची नाही.

"तहान लागली असं तो म्हणाला होता," फादर म्हणाले. "कुणीतरी ओला बोळा ओठांना लावला. त्याने तोंड फिरवलं नाही. आणि त्याआधी वाटेत एका परक्या माणसाने त्याचा क्रूस उचलून घेतला होता. तेही त्याने चालवून घेतलं. तुम्ही काय केलंत? मावशीच्या क्रूसावर पडदे टाकलेत. तेही अस्तराचे."

घंटेकरी हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

"किती दुखलं हे देव तराजूत घालून बघत नाही," फादर पुढे म्हणाले. "दुखत असताना तिला दुसऱ्याची आठवण झाली, हे त्याने पाहिलं असेल. तुम्हाला तिची आठवण झाली का? तिला कुणी विचारलं, मावशी, डॉक्टर काय म्हणतो?"

हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. डॉक्टर काय म्हणतो? खरंच, डॉक्टर काय म्हणतो हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीत कुणालाच माहीत नसलेली गोष्ट म्हणजे मला चावलेला डास. बाहेर पडल्यावर बाकीचे घरी गेले, मी सरळ मावशीकडे गेलो.

दुकानात मावशी नव्हती. टेबलावर माझाच निळा शर्ट पसरलेला, इस्त्री उभी करून ठेवलेली. पडद्यामागून आवाज येत होते. एक मावशीचा आणि दुसरा तिच्या मुलीचा. मुलगी सकाळच्या बसने अचानक आली होती. पोटुशी होती, सातवा सरत आला होता. हे तिसरं. आधीची दोन पोटातच गेली होती, हे गल्लीला माहीत होतं. मी बाकावर बसलो. पडद्यामागचं बोलणं ऐकणं वाईट, हे मला ठाऊक आहे. पण शर्ट घेतल्याशिवाय जायचं कसं?

"दुसऱ्यांदा तारीख चुकवलीस तू," मुलगी म्हणत होती. "हाडांच्या डॉक्टरांकडून मला फोन आला. म्हणाले, तुमची आई येतच नाही. आता नाही बदलला खुबा, तर खाटेला खिळेल म्हणाले. आणि तू मला फोनवर काय सांगतेस? बरी आहे, बरी आहे."

"टेबल कोण सांभाळणार?"

"आई, टेबलाचं मला सांगू नकोस. टेबल काही रडत नाही. खरं काय ते बोल."

 मग मावशी बोलली, आणि तो आवाज कडक नव्हता.

"गेल्या दोन्ही वेळी मी सुखात होते गं. खुबा दुखत नव्हता. धावत होते नुसती. आणि दोन्ही पोरं गेली. या वेळी दुखतंय. रोज दुखतंय, रोज मी तुझ्या नावाने देतेय. लोकांचे कपडे करते, लोकांची नावं घेते, पण तळाशी तूच असतेस. आणि पोटातलं हलतंय तुझ्या. आता मी जाऊन खुबा बदलून घेऊ? दुखणं थांबवू? आणि तिकडे काही झालं म्हणजे?"

"म्हणजे मी जगावं म्हणून तू दुखणं सोसतेस?"

"तू नाही. ते."

"मग गोळ्या का घेतेस? पिशवीत पाहिल्या मी."

"उभं राहवत नाही म्हणून." मावशीचा आवाज एकदम चोरासारखा झाला. "घेतली की वाटतं, त्याने पाहिलं. रिकामी पट्टी टाकायलाही भीती वाटते. परवा कुठेतरी कोंबली, कुठे ते आठवतही नाही. रात्रभर मनात येत होतं, तुझ्या पोटात काही दुखलं तर ते माझ्या त्या गोळीमुळे."

मी बाकावर बसून ऐकत होतो, आणि मला एकेक गोष्ट उलगडत होती. आम्ही सगळे मावशीवर संशय घेत होतो. ती सोंग करते, धंदा करते, भेसळ करते. आणि मावशीचा संशय कुणावर होता? थेट देवावर. तो टपून बसलाय, गोळी पकडायला. माप कमी भरलं की नातवंड काढून घ्यायला. गल्लीत एवढी संशयी माणसं आहेत, मी तर त्यांचा मुकादम, पण एवढा मोठा संशय घ्यायची आमची कुणाची छाती नव्हती.

मुलगी रडत नव्हती. तिला राग आला होता. आईचीच मुलगी ती.

"तो असा आहे असं तुला वाटतं? खुबा गहाण ठेवून घेणारा? आई, असल्या सावकाराकडून मला पोर नको. आणि तो तसा असता ना, तर स्वतःच खाली येऊन मार खाल्ला नसता. वरून नुसती वसुली केली असती."

"हळू बोल. देवाबद्दल बोलतेस."

"देवाबद्दल तूच बोलतेयस. मी सावकाराबद्दल बोलतेय." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "आणि माझं बाळंतपण कोण काढणार? खाटेवरची आजी? बाळाला घेऊन तुझ्या उशाशी बसू की तुला घेऊन बाळाच्या?"

"मग इतके दिवस दुखलं ते फुकट गेलं म्हणायचं?" मावशीने विचारलं.

  आता गप्प बसणं मला जमेना, आणि हातातली पट्टीही वाजली. मावशीने पडदा बाजूला केला.

"काका," ती म्हणाली, "कान आत पाठवलेच होते, तर तोंडही पाठवायचं की. काय आहे हातात?"

मी पट्टी दाखवली. तिने ती पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"तुमच्या खिशात निघाली? म्हणजे सगळ्या गल्लीला कळलं."

"गल्लीला आणि फादरना," मी म्हटलं. "पण फादर तुमच्या बाजूने आहेत. म्हणाले, येशूनेही ओला बोळा तोंडाला लावून घेतला होता."

मावशी टेबलाशी येऊन उभी राहिली. इस्त्री हातात घेतली, माझ्या निळ्या शर्टाच्या बाहीवर ठेवली. अर्धी बाही झाली आणि कळ आली असणार, कारण ती थांबली. मी वाट पाहत होतो, आता कुणाचं नाव घेते. तिने कुणाचंच घेतलं नाही. इस्त्री उभी केली, भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि मुलीला म्हणाली, "फोन लाव त्या डॉक्टरला. म्हणावं, येतेय. माझं मन बदलायच्या आत."

बंद केलेलं बटण तिने पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मी बघत होतो. सोंग नव्हतं ते. माझा शर्ट तसाच अर्ध्या बाहीवर राहिला, आणि रविवारी चर्चमध्ये मला वरून कोट घालून बसावं लागलं.

आता त्या मुलीचं काय झालं, हे विचारायला तुमचे ओठ शिवशिवत असतील. ते मी इथेच सांगून टाकतो, शेवटासाठी ठेवत नाही. कारण शेवटी सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, बघा, मावशीने भरवसा ठेवला आणि देवाने बक्षीस दिलं. मुलगी झाली. ठणठणीत, गळा आजीवर गेलेला. पण ती झाली ऑपरेशननंतर बऱ्याच दिवसांनी. मावशी पाठीवर पडून छताचे दिवे बघत ऑपरेशनच्या खोलीत गेली, तेव्हा यातलं काहीही ठरलेलं नव्हतं. तिला फक्त एवढंच माहीत होतं, की आता आपल्या हातात द्यायला काही उरत नाही. तरी ती गेली. मला तर दाढ काढायला जातानाही तीन जणांकडून समजूत घालून घ्यावी लागते.

ती दवाखान्यात असताना गल्ली चुरगळलेली फिरत होती. कंत्राटदारीणबाईंनी स्वतःची इस्त्री विकत आणली, आणि पहिल्याच दिवशी तळहात भाजून घेतला. त्यांची मोलकरीण सांगते, भाजलं तेव्हा बाई आधी किंचाळल्या आणि मग मावशीचं नाव घेऊन म्हणाल्या, "प्रभू, हे तिच्या पायासाठी." मी या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. ही बाई हातातलं काही कुणाला फुकट देणार नाही. पण हाताला बांधलेली पट्टी मी पाहिली आहे, आणि बाई ती कुणाला दाखवत नव्हत्या, हे जास्तच संशयास्पद होतं.

मी मावशीला भेटायला गेलो ते फार सद्भावनेने गेलो असं नाही. खुबा खरंच बदलला का, की नुसता तपासून पाठवला, हे बघायचं होतं. बायकांचा वॉर्ड लांबट होता, खाटांच्या दोन रांगा, प्रत्येक खाटेशी एक लोखंडी कपाट आणि एक स्टूल. मावशी चौकटीच्या काठीला धरून उभी होती, आणि व्यायाम घेणारी एक तरुण पोरगी तिला चालवत होती. ती पोरगी दिसायला एवढीशी, पण दयामाया म्हणून नाही.

"टाच टेका आजी. टाच!"

मावशीने टाच टेकली आणि अख्खा वॉर्ड वळून पाहील अशी ओरडली. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. दोन पावलं झाली, तिसरं झालं, मग तिला खाटेवर आणून बसवलं. चेहरा घामाने भिजलेला, केस कपाळाला चिकटलेले. पोरगी म्हणाली, "संध्याकाळी पुन्हा येते." मावशीने तिच्या पाठीकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ख्रिस्ती धर्मात बसत नाही.

मी म्हटलं, "मावशी, हे तर पहिल्यापेक्षा जास्त दुखणं झालं. आजचं कुणाच्या नावावर? रांग लावायला सांगू का गल्लीत?"

"कुणाच्याच नाही," ती धापा टाकत म्हणाली. "आज नुसतं दुखतंय."

"वाया घालवताय?"

ती हसली नाही. उशीला टेकली, श्वास सावरला. मग म्हणाली, "काका, तुम्ही थट्टा कराल, पण सांगते. इतके दिवस मी दुखणं हातात धरून त्याच्यापुढे उभी राहायचे. दुकानात गल्ल्यावरच्या माणसापुढे उभं राहावं तशी. हे घे आणि ते दे. तो काही बोलायचा नाही. मला वाटायचं, कमी पडतंय, आणखी टाक. काल त्या पोरीने पाय वाकवला, तेव्हा मागायची शुद्धच राहिली नाही. कुणाचं नाव आठवलं नाही, मुलीचंसुद्धा. नुसती ओरडले. आणि तेव्हा जाणवलं, तो गल्ल्यावर बसलेलाच नाही. पुढे नाहीच आहे तो. बाजूला आहे. त्याच्याही अंगावर वळ आहेत, त्यालाही उठता येत नाहीये. दोघं मिळून ओरडत होतो म्हणा ना."

"मग लोकांच्या प्रार्थना बंद?"

"बंद कशाला? माणसं आठवतातच. आठवलं की बाजूला सांगते, ती कंत्राटदारीण बघ जरा, हात भाजलाय म्हणे तिचा. भाव ठरवत नाही, एवढंच."

कंत्राटदारीणबाईंचा हात भाजला हे हिला इथे कुणी सांगितलं, हे मी विचारणार होतो. मला न विचारता बातम्या दवाखान्यापर्यंत पोचायला लागल्या तर माझं काय राहिलं? पण तिने डोळे मिटले होते. कळ पुन्हा आली असावी, कारण तिने हात बाजूला टाकला, खाटेच्या कडेवरून, स्टुलाच्या दिशेने, आणि तो तिथेच ठेवला, उघडा.

मी स्टुलाकडे पाहिलं. लोखंडी होतं, रंग उडालेलं, एक पाय थोडा आखूड. रिकामं होतं. खात्री करायला मी वाकून खाटेखालीही पाहिलं. तिथे एक चप्पल होती आणि पाण्याची बाटली. दुसरं काही नव्हतं.

माझे गुडघे चांगलेच कुरकुरत होते, आणि वॉर्डात दुसरी बसायला जागा नव्हती. तरी भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत मी त्या स्टुलावर न बसता उभाच राहिलो.